गैरहजराचा फासा

नव्या सुनेला घरचे नियम कुणी सांगत नसतं. दुधाचं भांडं कुठे ठेवायचं, आंघोळीला आधी कोण जातं, सासऱ्यांच्या आधी पेपर कुणी उघडायचा नाही, हे सगळं तिनं चुकत, ठेचा खात, दुसऱ्यांच्या भुवयांकडे बघत शिकायचं असतं. या घरात मात्र तिला समोर बसवून नियम सांगण्यात आले. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी दुपारी, जेवणं उरकून टेबल पुसल्यावर, सासऱ्यांनी घसा खाकरला, चष्म्याच्या काचा पुसल्या आणि म्हणाले, "सूनबाई, आता घरचे नियम ऐकून घे."

निघताना आईनं बजावलं होतं, काही बोलले तरी लगेच उत्तर देत बसू नकोस. ती हात मांडीवर घेऊन बसली.

"पहिला नियम," सासरे म्हणाले, "फासा टेबलाखाली पडला तर तो मोजायचा नाही."

खेळ असा होता. सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर खऱ्या नद्या शिकवून कंटाळले असावेत, कारण निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून ते एका नसलेल्या देशाचे नकाशे काढत आले होते. त्या देशातून एक काफिला वर्षानुवर्षं चालला होता, आणि घरातला प्रत्येक जण त्या काफिल्यातला कुणीतरी होता. वाटेत काय आडवं आलं ते सासरे सांगायचे, आपला माणूस त्यावर काय करतो ते ज्याचं त्यानं सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला की जमलं, लहान आला की फसलं. अशा खेळांची जाडजूड पुस्तकं बाजारात मिळतात आणि त्यांत भलतेच नियम असतात म्हणे. या घरानं ती केव्हाच माळ्यावर टाकून आपले नियम केले होते.

फासा कशाला तरी टेकून वाकडा राहिला तर पुन्हा टाकायचा. आकडा मोठ्यानं बोलायचा. बोलला की तो लागू, मग कुणी कितीही गयावया केली तरी बदलत नाही, आणि बोलला नाही तर फासा पडलाच नाही असं धरायचं. दुसऱ्याच्या फाशाला, तो माणूस खोलीत असेपर्यंत, बोटही लावायचं नाही. आणि जो हजर नसेल त्याच्यासाठी त्याच्या डावीकडे बसणाऱ्यानं डाव्या हातानं टाकायचा. येईल तो आकडा त्याचा. गैरहजराची तक्रार चालत नाही.

"डाव्या हातानं का?" तिनं विचारलं.

"उजवा आपला असतो ना," सासूबाई म्हणाल्या, मीठ त्या बरणीत आहे असं सांगावं तशा.

सासूबाई काफिल्यातल्या चोर होत्या. एरवी भाजीवाल्यानं चुकून जास्त दिलेलं सुटं परत करायला दोन जिने उतरणारी ही बाई रविवारी दुपारी डोळ्याचं पातं लवू न देता राजवाडे साफ करायची. नणंद, म्हणजे ताई, पलीकडच्या गल्लीत राहायची आणि दवाखान्यात एक्स-रे काढायची. काफिल्यात ती पहिलवान होती आणि कुठलाही प्रश्न आधी दार तोडून मग विचारायची. नवरा तिथे वैद्य होता, आणि घाबरट.

"आणि मी?"

"तू कंदीलवाली," चौघंही एकदम म्हणाली.

ते एकदम म्हणणं तिला तेव्हा फार गोड वाटलं. खुर्चीसुद्धा जणू आधीपासून तिच्यासाठीच होती. सासूबाई आणि खिडकी यांच्या मधली, पाठीला उशी असलेली. उशी मधोमध बसकी झाली होती, कुणीतरी रोज टेकत असल्यासारखी.

फासे मात्र चारच होते.

"पाचवा हरवला का?"

"हरवला नाही," सासरे म्हणाले. "कामात आहे."

ती दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून ती जबडे करायची, त्यांवर मेणाचे आणि मग पक्के दात बसवायची. माणसं न बघता त्यांचं हसू तयार करण्याचा धंदा, असं ती मनाशी म्हणायची. एक फासा करायचा म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. तिनं ताईच्या फाशाचा साचा घेतला, दातांच्या रंगाचं मिश्रण ओतलं, कडा घासून चकाकी आणली, आणि एका बाजूला जड तर नाही ना हे बघायला तो मिठाच्या पाण्यात तरंगवला. बोटानं ढकलला की तो दर वेळी वेगळाच आकडा वर करी. ते बघून सासूबाई हसत सुटल्या.

"बघा! चोराच्या सुनेचा फासा किती इमानदार!"

त्या फाशाला घरात सगळे 'दात' म्हणू लागले. टाक गं तुझा दात. आज हिचा दात भलताच दुखतोय वाटतं. तिला कुणी चेष्टेत घेतलं की मनातून फार बरं वाटायचं, कारण माहेरी ती इतकी गप्प असायची की तिची चेष्टा करायचंही कुणाला सुचत नसे.

माहेरी तिचं सगळं इतरांनी ठरवलं होतं. शिकायचं काय हे वडिलांनी, नोकरी कुठे हे मावशीनं, आणि पहिल्या वेळी लग्न कुणाशी हे सगळ्यांनी मिळून. ते ठरलेलं लग्न मोडलं तेही मुलाकडच्यांच्याच मर्जीनं. त्यानंतर तिनं ठरवलं, आता नाही. मग एक दिवस प्रयोगशाळेच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. ती आत, हातात जबड्यांचा ट्रे. वरून दार किलकिलं झालं आणि एक तेलकट हात खाली आला. "आधी ते द्या," वरचा माणूस म्हणाला. ट्रे वर गेला. "बापरे," तो म्हणाला, "तुमच्याबरोबर आत इतके लोक होते?" नंतर तो इमारतीत उगाचच येऊ लागला, लिफ्ट चालू असताना. आणि एकदा जिन्यात थांबून त्यानं सरळ विचारलं. 'नाही' हा शब्द तिच्या तोंडात अगदी तयार होता, घासून पुसून; तरीही तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "हो."

तो 'हो' कुणी शिकवलेला नव्हता, कुणी ढकललेला नव्हता. लोक जसा एखादा दागिना अधूनमधून डबी उघडून बघतात तशी ती त्या 'हो'कडे बघत असे. एवढं एक मात्र माझं.

*

पहिल्यांदा ती गैरहजर राहिली ती माहेरी गेली होती म्हणून. रविवारी दुपारी आईकडचा जिना उतरताना पाय घसरला आणि डावा घोटा मुरगळला. दुसऱ्या दिवशी लंगडत घरी आली तर दारातच स्टूल मांडलेलं, सासूबाईंच्या हातात गरम पाण्याची पिशवी आणि गुंडाळायची पट्टी.

"डावाच ना?" सासूबाई म्हणाल्या. "बस आधी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चार पडले गं काल तुझ्यासाठी. आणि नेमका जिना होता वाटेत."

नवरा पट्टी गुंडाळत होता. तो आईवर चिडलेला होता. "जरा नीट टाकायचा ना, आई."

"डाव्या हातानं काय नीट टाकणार?" सासूबाई ओशाळून म्हणाल्या.

योगायोग, ती मनाशी म्हणाली. योगायोगाला एवढं तरी मोकळं रान द्यावंच माणसानं. तिला खटकलं ते घोट्याचं नव्हे. घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं, हे खटकलं. पुढे एकदा तातडीच्या कामासाठी रविवारी प्रयोगशाळेत जावं लागलं, आणि कधीचं हरवलेलं कानातलं तिला प्लास्टरच्या गोणीमागे सापडलं. घरी येऊन ती काही बोलायच्या आतच सासऱ्यांनी नकाशावरून मान वर केली.

"सापडलं का काहीतरी?"

"अठरा टाकले होते मी," सासूबाई म्हणाल्या, पहिला नंबर आल्यासारख्या.

त्या आठवड्यात तिनं सासूबाईंबरोबर शेंगा निवडता निवडता, जणू सहज, विचारलं, "आई, मी येण्याआधी कंदीलवाली कोण होतं?"

"कोण म्हणजे? तूच."

"तसं नाही. मी नव्हते तेव्हा."

"तेव्हा तू गैरहजर होतीस," सासूबाई म्हणाल्या. "मी टाकायचे तुझ्यासाठी. ही दोघं लहान होती तेव्हापासून. फार वर्षं टाकले बाई. खांदा धरायचा माझा." आणि मग, लेकीच्या लहानपणच्या गोष्टी सांगाव्यात तसा त्यांना हुरूप आला. "इतकी लहान होतीस, आणि पाण्याच्या टाकीत पडलीस. माझ्या हातून दोन पडले. मी तर रडायलाच लागले. हे म्हणाले, थांब, कुणी दोर सोडतंय का ते बघू, टाक पुन्हा. आणि वीस! भिंत रंगवणारा कुणीतरी होता म्हणे शिडीवर."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. टाकीच्या तोंडातून दिसणारं गोल आभाळ, त्यातून खाली आलेला रंगानं माखलेला दोर. त्याचा निळा रंग कितीतरी दिवस तिच्या तळहातांवरून गेला नव्हता. ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

"आणि तो सरदाराचा मुलगा ऐन वेळी लग्नाला नाही म्हणाला ना, तेव्हा आम्ही काय हसलो! तुझ्या नवऱ्यानं तर उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी आइस्क्रीम आणवलं सगळ्यांना."

तो दिवस तिला चांगला आठवत होता. भिंतीकडे तोंड करून ती संध्याकाळपर्यंत पडून होती, आणि शेजारच्या खोलीत वडील फोनवर हळू आवाजात एकेकाला सांगत होते. आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी कुठेतरी आइस्क्रीम खाल्लं जात होतं हे कळल्यावर माणसानं काय करायचं असतं, याचा काही नियम त्या घरात नव्हता. तिनं शेंग मोडली, दाणे भांड्यात टाकले. नवल म्हणजे तिला भीती वाटली नाही. उलट कुठेतरी आत ऊब आली. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं मानून आपण लहानाचे मोठे झालो, आणि त्या सगळ्या वर्षांत इथे एक बाई दर रविवारी आपल्यासाठी खांदा दुखवून घेत होती.

फक्त एकच गोष्ट राहिली. तिला ती विचारायची नव्हती, आणि विचारल्यावाचून राहवतही नव्हतं.

"आई, आणि मी हो म्हणाले ते?"

सासूबाईंनी शेंग धरलेल्या हातानंच फळीकडे दाखवलं.

जेवणाच्या खोलीत, घड्याळाच्या खाली, एक फळी होती. त्यावर सासऱ्यांच्या नकाशांची भेंडोळी, मेणबत्त्यांचा खोका, आणि एक कान तुटलेला कप, पालथा. आल्यापासून ती त्या कपाच्या भोवतीनं फडकं फिरवत आली होती. उचलू नकोस असं कुणी म्हणालं नव्हतं. पण फळीवरच्या धुळीत कपाच्या काठाला लागून एक जुनी कडी उमटलेली होती, आणि ती कडी बघून कळायचं की इतरही सगळे भोवतीनंच पुसतात.

"झाकला फासा," संध्याकाळी सासऱ्यांनी समजावलं, वर्गात समजावत तसं. "ज्याचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून यायचं असतं, त्याच्यासाठी झाकून टाकायचा आणि वेळ आली की उघडायचा. हा म्हणाला, या आठवड्यात विचारणार आहे. म्हटलं, टाकू. दहाच्या वर तर ती हो म्हणेल, दहा किंवा कमी तर नाही."

"आणि काय पडलं होतं?"

"उघडलाच नाही गं. तू आलीसच की. आलेल्या माणसाला, येणार का, असं कशाला विचारायचं?"

सगळे हसले. तीही हसली. पाचवा फासा कुठे कामात होता ते आता तिला कळलं.

*

त्यानंतरचे दिवस चांगलेच गेले. चांगले म्हणजे दूध उतू न जाता जातात तसे. नवरा संध्याकाळी तेलाचा वास घेऊन यायचा आणि त्या दिवशी कोण कुठे अडकलं त्याच्या गमती सांगायचा. ताई येता-जाता तिला कोपरानं ढोसायची. सासूबाई तिच्या डब्यात तिला आवडणारं काहीतरी तळाशी लपवून ठेवायच्या, चोरच त्या. कशात म्हणून खोट नव्हती, आणि म्हणूनच कप डोळ्यांत सलायचा. दहाच्या वर असेल, तर तो 'हो' तिचा नव्हताच. टाकीतल्या दोरासारखा तोही इथूनच सुटलेला. तोंडात तयार असलेला 'नाही' ऐन वेळी कुठे गेला, हे कोडं तिनं इतके दिवस स्वतःच्या धीटपणाचा पुरावा म्हणून सांभाळलं होतं.

एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना तिनं नवऱ्याला विचारलं, "तुला बघावंसं वाटत नाही, कपाखाली काय आहे ते?"

"नाही."

"खरंच?"

"माणसं बसलेली लिफ्ट व्यवस्थित चाललेली असताना तिचा ब्रेक कुणी सोडून बघत नाही," तो म्हणाला. त्यानं चिमटा लावला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "तू आहेस ना इथे? मग झालं."

"आणि नकार निघाला तर?"

"निघू दे की. मोठ्यानं बोलणार कोण आहे?"

पुढच्या रविवारी सकाळीच त्याला कुठल्यातरी इस्पितळातल्या लिफ्टसाठी फोन आला आणि तो गेला. सासरे केस कापायला गेले. सासूबाई न्हाणीघरात होत्या. पाण्याचा आणि गाण्याचा आवाज येत होता. खिडकीतून ऊन सरळ फळीवर पडलं होतं आणि कपाची सावली छोटीशी, निरुपद्रवी दिसत होती. ती फडकं घेऊन नेहमीसारखी भोवतीनं पुसायला गेली, आणि तिच्या हातानं कप उचलला.

खाली निळा फासा होता. रंग तिच्या ओळखीचा होता. वर आकडा होता तीन.

क्षणभर तिला काही कळेचना. मग कळलं, आणि पायांपासून वर असा काही आनंद चढत गेला की तिला फळीला धरून उभं राहावं लागलं. तीन! म्हणजे नकार. म्हणजे फासा नाही म्हणत होता, आणि तरी ती हो म्हणाली होती. सासूबाईंच्या खांद्यानं नव्हे, कुणाच्या दोरानं नव्हे. सगळ्या जगानं, नकाशातल्याही आणि नकाशाबाहेरच्याही, नाही म्हटल्यावर, जिन्यात उभं राहून तिनं एकटीनं. ती हसली. आणि इतक्या रविवारांची जिभेला लागलेली सवय. फासा दिसला की आकडा बोलायचा.

"तीन," ती मोठ्यानं म्हणाली.

न्हाणीघरातलं गाणं थांबलं. पाणी चालूच राहिलं. मग गाणंही पुन्हा सुरू झालं. तिनं कप काळजीपूर्वक धुळीतल्या कडीवर बरोबर पालथा ठेवला, फडकं झटकलं आणि स्वयंपाकाला लागली.

त्या दिवशी तिच्या हाताला वेगळीच चव आली असावी, कारण जेवताना सगळे मन लावून जेवले आणि फारसं कुणी बोललं नाही. सासरे केस कापून आले होते. ती म्हणाली, बाबा, दहा वर्षांनी लहान दिसताय, तर ते भिंतीकडे बघत आपल्याच विचारात होते. नवरा इस्पितळातल्या लिफ्टची हकिकत सांगत होता, आईला. तीही ऐकून मधूनमधून हसत होती. गप्प बाईचं एक सुख असतं, तिच्याकडे कुणी बघत नसलं तरी तिला ते जाणवत नाही. आणि आज तर तिच्याजवळ स्वतःचं असं काहीतरी होतं, डबीत घालून पुन्हा पुन्हा बघण्यासारखं. कधीतरी नवऱ्याला सांगायचं, ती ठरवत होती. म्हातारपणी. जिन्यात त्याला थांबवून.

टेबल पुसून झालं. ताई आली, दारातूनच दार तोडल्याच्या आवाजात, "चला, आज कुणाला झोडपायचं?" म्हणाली आणि आपली पर्स तिच्या उशीच्या खुर्चीत टाकून दिली. ती बसायलाच निघाली होती; तिनं पर्स जरा बाजूला सरकवली आणि काठावर बसली. ताईची ही नेहमीची थट्टा. सासूबाईंनी चहा आणला. तिच्यासमोर कप आला नाही, पण पर्सनं जागाच एवढी अडवली होती. सासरे नकाशा पसरत होते. त्यांनी हात लांब करून फळीवरचा कान तुटलेला कप घेतला. तो सरळ होता, त्यात पेन्सिली होत्या, आणि त्यांनी त्यातली एक निवडून काढली.

तिनं फळीकडे बघितलं. धुळीत कडी नव्हती.

"काफिला खिंडीच्या तोंडाशी आलाय," सासरे म्हणाले. "अंधार आहे. कंदील हवा."

"मग पेटवते ना," ती म्हणाली आणि तिनं दातासाठी हात पुढे केला.

"अजून तिच्यासाठी खुर्ची ठेवताय तुम्ही," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "नाही म्हणाली ना ती? किती दिवस झाले."

"राहू दे गं," नवरा म्हणाला. तो नकाशावर नखानं एक रेघ ओढत होता. "खुर्चीला काय धाड भरलीय?"

"नाही म्हणाली म्हणून आपली नाही असं थोडंच आहे," सासरे म्हणाले. "गैरहजर आहे, एवढंच."

"आई," ती म्हणाली. "मी आहे ना इथे."

तिचा आवाज नेहमीसारखाच बारीक आला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं आणि नवऱ्यानं तिकडे बघितलं, तिच्यातून नव्हे, तिच्या बाजूनं, माणूस बसलेलं असताना बघतात तसंच. आणि तिला वाटलं आता तो हसेल, आता सगळेच फिस्सकन हसतील.

सासूबाईंनी उजवा हात मांडीवर ठेवला. डावा हात टेबलावरून पुढे आला, आणि त्यांनी दात उचलला.

"हा कुठला गं फासा?" ताईनं विचारलं.

"घरातलाच आहे," सासूबाई म्हणाल्या, तो तळहातावर जोखत. "छान पडतो." त्यांनी डोळे मिटले, खांदा किंचित आखडला, आणि हलक्या हातानं, झोपलेल्या पोरावर पांघरूण टाकावं तसा, टाकला.

फासा नकाशावरून घरंगळत खिंडीजवळ थांबला. सगळे वाकले. नवऱ्यानं श्वास रोखून धरला होता. वरून हाक मारून, खाली कुणी आहे का हे ऐकताना तो जसा थांबायचा तसा. ती त्याच्याकडेच बघत होती.

"सोळा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा!" सासरे म्हणाले. "बरी आहे म्हणजे. जिथे कुठे आहे, तिथे अगदी सुखात आहे पोरगी."

नवऱ्यानं श्वास सोडला आणि तो हसला. ताईनं त्याच्या पाठीवर थाप मारली. सासूबाईंनी दात रिकाम्या जागेसमोर परत ठेवून दिला, आणि खेळ पुढे सरकला.

तिनं हात मांडीवर घेतले, उशीला पाठ टेकली. ऊन उशीवर आलं होतं, चहाचा वास होता, आपली सगळी माणसं जवळ होती. आणि खरंच, हळूहळू तिला फार बरं वाटू लागलं.